डोंगरावर नेलेली साखर

यामनाला नोकरी लागली तेव्हा मोरोक्कोतल्या मिदेल्तमध्ये तिच्या गल्लीतल्या बायकांना हसू आवरेना. काम काय, तर माध्यमिक शाळेतल्या मुलींशी बोलायचं. ज्या मुली शाळा अर्ध्यावर सोडतील अशी भीती आहे, त्यांच्यासोबत आठवड्यातून तीन दुपारी बसायचं आणि त्याबद्दल एका संस्थेकडून पगार घ्यायचा. शेजारची बतूल दारात उभी राहून म्हणाली, "अगं, बडबडायचा पगार मिळतो हे आधी कळलं असतं तर मी आज मंत्रीण असते."

यामना हसली आणि पुढे गेली. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. नवरा वनखात्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक रद्वान इटलीत बेर्गामोला होता आणि त्याचा फोन ईदेला यायचा. बायकांच्या शिवणवर्गात ती शिकवायची, तो वर्ग बंद पडला. त्यानंतर एकदा बाजारात पुदिना मागताना तिला स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला झालं. दिवस मावळायला आला होता आणि त्या दिवसातलं तिचं ते पहिलंच वाक्य होतं. ती एकटी पडली होती, आणि याला दुसरं कुठलंही गोंडस नाव नाही.

संस्थेनं या पदाला 'सोबतीण' असं नाव दिलं होतं. राजधानीतून, रबातहून आलेला नबील नावाचा कडक इस्त्रीतला तरुण सगळं बघायचा. त्यानं पहिल्याच दिवशी नियम सांगितले. मुलींना स्वतःच्या घरी न्यायचं नाही, त्यांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत, एकटीनं कुणाच्या गावी जायचं नाही. "आणि लल्ला यामना, जीव लावायचा, पण बेतानं," असंही तो म्हणाला; मोठ्या बाईला आदरानं 'लल्ला' म्हणायची तिथली रीत. जीव बेतानं कसा लावतात ते मात्र त्यानं सांगितलं नाही, बहुधा त्यालाही माहीत नसावं.

मुली डोंगरातल्या वाड्यांमधून आलेल्या. गावात प्राथमिक शाळा संपली की पुढचं शिक्षण खाली मिदेल्तला, म्हणून त्या मुलींच्या वसतिगृहात राहायच्या. दर थंडीत त्यांतल्या काही जणी सुट्टीला घरी जायच्या आणि परत यायच्याच नाहीत. यामनानं वसतिगृहाच्या मागच्या खोलीत शेगडीजवळ बैठक मांडली, लोकर आणि सुया आणल्या, आणि मुली हात चालवता चालवता बोलू लागल्या. कुणाला गणित छळत होतं, कुणाला वसतिगृहाची मुकादमीण, कुणाला सावत्र आई. सगळ्या बोलायच्या. फक्त इट्टो बोलायची नाही.

इट्टो आयत उसरूच्या खोऱ्यातली, माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला होती. थंडीनं गालावर चिरा पडलेल्या, डोळे सदा खाली. ती यायची, लोकरीची गुंडाळी करून द्यायची आणि जायची. पानगळ सुरू झाली तरी तिच्या तोंडून सलामाखेरीज शब्द निघाला नव्हता. मग एका दुपारी बाकीच्या उठून गेल्यावर तिनं लोकर गुंडाळतच विचारलं, "मावशी, तुमच्या घरी किती माणसं?"

"मी."

"आणि?"

"आणि मीच."

इट्टोनं थोडा विचार केला. "मग रात्री दिवा कोण विझवतं?"

"मीच विझवते. दुसरं कोण येणार?"

"आमच्याकडे आजोबा विझवतात. आधी प्रत्येकाला नावानं विचारतात, झोपलास का, झोपलीस का. जो 'हो' म्हणेल त्याला शिव्या पडतात. म्हणतात, झोपलायस तर बोलतोस कसा, गाढवा." ती पहिल्यांदाच हसली, आणि मग हसू मावळलं. "इथे मुकादमीण बटण दाबते आणि सगळ्यांचा एकदम जातो. कुणी विचारत नाही. मला इथे झोपच येत नाही, मावशी. खाट फार मोठी आहे."

यामनाचीही खाट फार मोठी होती. ती म्हणाली, "मलाही कुठे येते."

त्या दिवसापासून निघताना इट्टो दारात थांबायची आणि आजोबांचा जाडा आवाज काढून विचारायची, "झोपलात का?" यामना म्हणायची, "हो." मग इट्टो म्हणायची, "मग बोलता कशा?" आणि पळायची. एवढासा खेळ, पण यामना तो घरी घेऊन जायची आणि शेगडी पेटवताना, रोटी भाजताना पुन्हा पुन्हा आठवायची. नियमांत तो कुठे बसत होता कोण जाणे. अक्षरं लावायला चाचरणारी ती मुलगी हळूहळू मोठ्यानं वाचू लागली. शाळेतल्या बाईंनी एकदा यामनाला बोलावून सांगितलं, की ही पोरगी टिकली तर पुढे जाईल.

टिकली तर. जानेवारीच्या सुट्टीनंतर बर्फातून वाट काढत सगळ्या मुली परत आल्या आणि इट्टो आली नाही.

तिच्याच गावची फद्मा म्हणाली, "बापानं ठेवून घेतलं. कोकरांचे दिवस आहेत ना. आणि गावातले त्याला टोचतात, की शिकलेल्या मुलीला मागायला कोण येणार, घरात लोणचं घालणार आहेस का."

यामना नबीलकडे गेली. त्यानं फोन लावला, तो लागला नाही. "वसंतात आपण रीतसर भेट ठरवू," तो म्हणाला.

"वसंतात ती मेंढरांमागे असेल, बेटा. तेव्हा तिला खाली कोण आणणार?"

"लल्ला यामना, एकीसाठी नियम मोडता येत नाही."

"बरं," यामना म्हणाली. ती 'बरं' म्हणायची तेव्हा तिचं आधीच ठरलेलं असायचं, हे तिच्या नवऱ्याला माहीत होतं, नबीलला माहीत नव्हतं.

रविवारच्या बाजारानंतर डोंगरात परतणाऱ्या गाडीत ती बसली. चांगला लोकरी जेलाबा अंगात, केस नीट झाकलेले. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं निळ्या कागदातल्या साखरेच्या दोन टोकदार ढेपा घेतल्या आणि मांडीवर धरल्या. मिदेल्तला साखरेची ढेप कशालाही चालते. बाळ झालं, कुणी वारलं, कुणी हजहून आलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की माणसं साखर घेऊन जातात. यामनाची आईही डोंगरातलीच होती, तिच्याकडून बोली आली होती. पण आई होती दुसऱ्या खोऱ्यातली, आणि एका खोऱ्याची रीत दुसऱ्याला लागू नसते हे यामना विसरली.

गाडीत बोकड, पिठाची पोती आणि माणसं एकमेकांवर रचलेली होती. शेजारी एक म्हातारी कोंबड्या घेऊन बसली होती. तिनं यामनाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग साखरेला पाहिलं.

"कुणाकडे निघालात, लल्ला?"

"मोहाकडे. इट्टोच्या बापाच्या घरी."

गाडीतली कुजबुज थांबली आणि पुन्हा सुरू झाली, पण आता तिचा सूर वेगळा होता. म्हातारी सरसावून बसली. "मुलगे किती तुम्हाला?"

"एकच. रद्वान."

"असतो कुठे?"

"इटलीत. बेर्गामोला."

"अल्ला राखो त्याला. लग्न?"

"अजून नाही," यामना म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिला हेही नक्की ठाऊक नव्हतं. गेल्या ईदेला तो फोनवर दोन मिनिटं बोलला होता आणि मागून कुणीतरी हाक मारल्यावर त्यानं घाईनं ठेवला होता. पण तिला कुणी मुलाबद्दल विचारून किती काळ लोटला होता. गल्लीत तर तो विषय लोक टाळायचे, दुखऱ्या दाताला जीभ लावू नये तसे. इथे अख्खी गाडी कान देऊन ऐकत होती. यामना बोलत सुटली. रद्वानला दारं बनवायच्या कारखान्यात कशी बढती मिळाली, तो लहानपणी आईच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं खात कसा नव्हता, उंची बापाची आणि रंग आजीचा कसा घेतलाय. समोरच्या बाकावरचा माणूस मान डोलवत होता. चालक बास्सू आरशातून बघत होता, आणि वळणावर गाडी हळू करून त्यानं कुणालातरी फोनही केला. यामनाला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत.

मोहाच्या घरासमोर उतरली तेव्हा तिची वाट पाहणं चालूच होतं. अंगण झाडलेलं. कोंबडी कापून झालेली, तिची पिसं कोपऱ्यात. इट्टोची आई हद्दा धावत आली, तिनं यामनाच्या खांद्यांचे मुके घेतले आणि साखर दोन्ही हातांनी उचलून, मूल उचलावं तशी, आत नेऊन उंच फळीवर ठेवली. यामना संकोचली. न कळवता आलेल्या बाईसाठी एवढं कशाला, असं ती म्हणाली, तेव्हा सगळ्या बायका खो खो हसल्या. खोली बायकांनी भरत गेली. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. लोणी, मध, गरम रोटी पुढे आली, आणि शेवटी चहाचं तबक घेऊन इट्टो आली.

तिच्या डोक्यावर आईचा चांगला रुमाल होता. यामनाला इतका आनंद झाला की ती अर्धी उठलीच. हळूच म्हणाली, "काय गं, झोपलीस का?"

इट्टोनं वर पाहिलं नाही. वाकून यामनाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि मागे सरून भिंतीशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. दाराला आतून कडी घालावी तसा तो चेहरा होता. यामनाच्या हातातला घास तसाच राहिला.

मग मोहा आला. उन्हाबर्फानं रापलेला, बारका माणूस. त्यानं फळीवरून एक ढेप काढली, कागद न उलगडता मधोमध ठेवली, आणि शेजारी साखर फोडायची पितळी हातोडी ठेवली.

"लल्ला यामना, आम्हाला गोल गोल बोलता येत नाही," तो म्हणाला. "मुलाची आई साखर घेऊन मुलीच्या दारात आली. गावानं पाहिलं. बास्सूनं मुलाचं सगळं सांगितलं. आमची ना नाही. तुम्ही म्हणा, की फोडतो."

बायकांनी हसरी तोंडं आवरून धरली होती, आनंदाची किलकारी ओठांवर आणून. इट्टोच्या हातातले पेले एकमेकांवर बारीक वाजत होते. तेव्हा कुठे यामनाला गाडीतली म्हातारी आठवली, तो फोन आठवला, आणि स्वतःचीच चुरूचुरू चाललेली जीभ आठवली. या खोऱ्यात मुलाची आई मुलीच्या घरी साखर नेते ती एकाच कामाला.

"मुलीशी दोन शब्द बोलू का?" ती कशीबशी म्हणाली.

"आता तुमचीच आहे," मोहा म्हणाला. "बोला की."

अंगणाच्या टोकाला रोटीची भट्टी होती, अजून ऊब धरून होती. तिथे इट्टोनं पहिल्यांदा यामनाकडे सरळ पाहिलं. "मावशी, तुम्ही माझ्यासाठी आलात, की मुलासाठी?"

"तुझ्यासाठी गं. शप्पथ तुझ्यासाठी. मी आपली साखर घेतली कारण... रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून घेतली. मला ही रीत ठाऊक नव्हती."

"तुम्ही एवढ्या मोठ्या आणि तुम्हाला ठाऊक नव्हती?"

"नव्हती. मी मूर्ख बाई आहे. आत्ता आत जाते आणि खरं सांगते."

"सांगा." इट्टोनं भट्टीच्या कडेची राख बोटानं सारखी केली. "मग साखर परत जाईल. साखर परत गेलेली मुलगी म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. माझ्या आतेची गेली होती. ती अजून आमच्याकडेच आहे, ती बघा, दारामागे उभी आहे. मग मला शाळेत कोण पाठवणार? बाबांना लोकांना तोंडही दाखवता येणार नाही."

यामनानं दाराकडे पाहिलं. इट्टोनं विचारलं, "आणि फोडली तर? तुमचा मुलगा कधी येईल?"

ही गोष्ट यामनानं कधी कुणाला सांगितली नव्हती. बतूलला नाही, स्वतःलाही नाही. एका पोरीपुढे, थंड होत चाललेल्या भट्टीशेजारी ती बोलून गेली. "ये म्हटलं की तो 'बघू' म्हणतो. किती वर्षं झाली, 'बघू'च चाललंय. मला वाटतं, इट्टो, तो यायचा नाही."

"मग तर चांगलंच आहे," इट्टो म्हणाली. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. "तो येईपर्यंत मी वाग्दत्त. वाग्दत्त मुलीला कुणी दुसरं मागत नाही, आणि तिला टोचतही नाही. मी शिकेन, मावशी. तो आलाच नाही तर..." मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं यामनाची बाही घट्ट धरली. "तसं नाही म्हणायचं होतं मला."

"नाही कसं," यामना म्हणाली. "तसंच आहे ते. बरोबर आहे तुझं." तिनं इट्टोच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला. "पण ही गोष्ट तुझ्यामाझ्यात. फद्माला नाही, आईला नाही, कुणाला नाही."

"कुणाला नाही."

यामना आत गेली, बसली आणि म्हणाली, "फोडा."

हातोडी पडली. बायकांची किलकारी छपराला लागली. फोडलेल्या साखरेचा चहा सगळ्यांना वाटला गेला आणि तो घशाखाली उतरवताना यामनाला आपण चोरी करतोय असं वाटलं. चांगल्या माणसांच्या घरात, त्यांच्याच पेल्यातून. मोहाचे डोळे पाणावले होते. तो म्हणाला, "आता ही तुमची ठेव. मुलगा आला की फातिहा वाचू, लग्न पक्कं करू, मग पुढचं. तोवर खाली न्या, शिकू द्या. इटलीत जायचंय, अडाणी कशी चालेल? मला तर गावानं भरवलं होतं की शिकलेल्या मुलीला कुणी मागत नाही." आणि तो भोवतालच्या माणसांकडे असा पाहू लागला, की सगळ्यांची तोंडं बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इट्टो यामनाबरोबर खाली आली. शाळेचं दप्तर तिनं मांडीवर धरलं होतं, येताना यामनानं साखर धरली होती बरोबर तसंच. गाडीत बास्सूनं भाडं घेतलं नाही.

साखरेची बातमी डोंगरातून फिरली आणि तिचा असा परिणाम झाला की तो नबीलच्या कुठल्याही सभेनं झाला नसता. इटलीवाल्याच्या आईनं वसतिगृहातली मुलगी निवडली म्हटल्यावर आयत उसरूच्या आणखी दोघा बापांनी घरी ठेवलेल्या मुली आपणहून आणून सोडल्या. नबील खूश झाला. वरच्या साहेबांना त्यानं कळवलंही, की आमची पद्धत यशस्वी होत आहे.

यामनाची बैठक मात्र उसवत गेली. वाग्दत्त मुलीनं होणाऱ्या सासूपुढे बसायचं नसतं, मोठ्यानं बोलायचं नसतं, मान वर करायची नसते. हे सगळ्या मुलींना पाठ होतं आणि त्यांचं इट्टोवर लक्ष होतं. इट्टो दारातच उभी राहायची. बाकीच्या मुलींनीही मनातलं सांगणं बंद केलं. यामना आता सोबतीण नव्हती, कुणाची तरी सासू होती, आणि सासूपाशी काय बोलायचं, शेवटी ते बापाच्या कानावर जाणारच. शेगडीभोवती आता फक्त सुयांचा आवाज व्हायचा. तेवढं हाताचं चुंबन घ्यायला वाकली की इट्टो केसांआडून पुटपुटायची, "झोपलात का?" यामना ओठ न हलवता म्हणायची, "हो." पुढचा प्रश्न विचारायला सवड नसायची.

तेवढंही फार दिवस राहिलं नाही. नबीलला साखरेची गोष्ट कळली, आणि त्यानं यामनाला बोलावून घेतलं. तो चिडलेला नव्हता. दुखावलेला होता, आणि ते यामनाला जास्त लागलं.

"लोक म्हणतात, तुम्ही हे काम सून शोधायला धरलंत. आमच्याकडे सोपवलेल्या मुलींतून. कोवळ्या पोरींतून, लल्ला यामना. मी म्हटलं, हे शक्य नाही. तुम्ही सांगा की हे खोटं आहे, मी सगळ्यांशी भांडतो."

यामनानं त्याच्या इस्त्रीच्या कॉलरकडे पाहिलं. भला मुलगा होता. त्याला खरं सांगितलं तर तो भांडणार होताच, आधी वसतिगृहात, मग गावात जाऊन मोहाशी, आणि मोहाला खरं कळलं त्या संध्याकाळी इट्टोचं दप्तर फळीवर जाणार होतं.

"खरं आहे," ती म्हणाली.

"साखर नेलीत तुम्ही?"

"नेली."

नबीलनं किल्ली मागितली, मागच्या खोलीची. यामनानं ती दिली आणि सुया तिथेच राहू दिल्या, मुलींची विणकामं अर्धी होती म्हणून.

गल्लीला तर सण मिळाला. बतूल म्हणाली, "सून शोधायचा पगार घेतलास होय गं. आम्हाला त्या गोष्टीसाठी दलालिणीला कोंबडी द्यावी लागली." यामनानं तोंडात मिठाची गुळणी धरली. रात्री भिंतीकडे तोंड करून ती रडली, आपण असे नाही हे तिला कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि ज्या एकीला ते ठाऊक होतं ती मुलगी रस्त्याच्या पलीकडे मोठ्या खाटेवर पडलेली होती.

तरी एक होतं. शाळेत जायचा रस्ता यामनाच्या दारावरून होता. सकाळी मुलींचा घोळका यायचा. "सासू, तुझी सासू," असं चिडवत त्या इट्टोला कोपरानं ढोसायच्या. इट्टो मान खाली घालून, दप्तर छातीशी धरून पुढे जायची. थांबायची नाही, बघायची नाही. जायची मात्र शाळेतच. यामना दारात उभी राहून घोळका वळणाआड जाईपर्यंत बघायची आणि मग आत यायची.

सफरचंदाच्या बागा फुलून गेल्या, उन्हाळा लागला. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी फोन वाजला. ईद नव्हती, म्हणून यामना घाबरलीच.

"आई, मी रद्वान."

"काय झालं रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे. अगं, मी येतोय. ऑगस्टात. सुट्टी मिळाली, तिकीट बघून ठेवलंय, आता पैसे भरायचे की झालं." तो थांबला. त्याचा आवाज बापासारखा झाला होता, हे तिला आज कळलं. "बाबांच्या कबरीवर दगड बसवायचा राहिलाय. आणि तुझ्या हातचं खायचंय. मी फार उशीर केला, आई. मला कळतंय ते."

यामना खाली बसली. या एका वाक्यासाठी तिनं किती ईदा फोनशेजारी काढल्या होत्या. तिच्या डोळ्यांपुढे घर आलं, चुना लावलेलं, त्याची खोली उघडलेली, चुलीवर जर्दाळू घातलेलं मांस. आणि मग बास्सूची गाडी आली. बसथांब्यावर बेर्गामोचा माणूस उतरला की डोंगराला कळायला दुपार लागत नाही. त्याच संध्याकाळी मोहा फातिहा वाचायला खाली उतरेल, मेंढा घेऊन, आजोबांना घेऊन, नवा फेटा बांधून. मग साखर एक तर पुरी होणार, नाही तर गावादेखत मोडणार. दोन्हीकडून इट्टोची शाळा संपणार.

रद्वानला खरं सांगावं, असंही तिच्या मनात आलं. पण बेर्गामोत निम्मा डोंगर राहतो. तो हसत हसत कारखान्यात कुणाला तरी सांगेल, की आमच्या आईनं बघा काय घोळ घातला, आणि ते हसणं दुसऱ्या दिवशी आयत उसरूत पोचलेलं असेल. लहानपणीही त्याच्या पोटात काही राहत नसे.

"या वर्षी नको येऊस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"घराचं छप्पर काढायचंय. सगळा पसारा आहे. आणि मी बहिणीकडे ऊज्दाला जाणार आहे."

"मग मी ऊज्दाला येतो."

"नको रे. तिच्याकडे जागा नाही." खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखी ती भराभर बोलत होती. "पुढल्या वर्षीही बघू. तू तिकडे नीट राहा. कामावर लक्ष दे."

"बघू," रद्वान म्हणाला. तिचाच शब्द तिला परत मिळाल्यासारखा. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. त्याला वाईट वाटलं, की राग आला, की मनातून सुटल्यासारखं झालं, ते तिला कळेना, आणि विचारायची सोय तिनं स्वतःच ठेवली नव्हती.

तेवढ्यात बाहेर मुलींचा कलकलाट ऐकू आला. पेपर सुटला होता. फोन कानाशी तसाच धरून यामना उठली आणि दारात आली. घोळका चिडवत, ढोसत चालला होता. त्यात इट्टो होती, मान खाली. दारासमोर आल्यावर तिनं मान न उचलता दप्तरावरची दोन बोटं किंचित वर केली. पेपर चांगला गेला असावा.

"आई?" रद्वान म्हणाला. "तुझा आवाज असा का येतोय? झोपली होतीस का?"

"हो," यामना म्हणाली.